हरवला तो वझर, मी नव्हे

गेल्या श्रावणात एकाच सकाळी मी आमच्या वझराकडे जाणाऱ्या दोन वाटा कापल्या. गरज एकीचीच होती. वझर म्हणजे धबधबा. आमच्याकडे 'धबधबा' हा शब्द फक्त पर्यटकांसाठी लावलेल्या पाट्यांवर सापडतो आणि आमच्या वझराला पाटी नव्हती.

पहिली वाट कापत वर पोचलो, तर तिथं वझर नव्हता. म्हटलं, चुकलो. पावसाळ्यात रान माजतं, खुणा झाकून जातात, भल्याभल्यांची वाट चुकते. पुन्हा खाली उतरलो, भिरंडाच्या, म्हणजे कोकमाच्या झाडापाशी उभा राहून नीट दिशा धरली आणि तिथून दुसरी वाट कापायला घेतली. हाताला काटे लागले, टाचेला जळू चिकटली, कोयत्याची मूठ सैल झाली. शेवटी झुडपातून डोकं बाहेर काढलं, तर मी पुन्हा त्याच जागी. आणि वझर अजूनही नव्हता.

मोबाईलला रेंज येते असा एक दगड त्या बाजूला आहे. त्यावर चढून मी भाऊला फोन लावला. भाऊ म्हणजे माझा थोरला भाऊ, आमच्या घरातला शेवटचा शब्द.

"भाऊ, वझर सापडत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे जागेवर नाही."

"वझर जागेवर नाही की तू जागेवर नाहीस?"

"मी बरोबर आहे. दोन वाटा कापून खात्री केली."

पलीकडे भाऊनं माझं म्हणणं घरातल्यांना मोठ्यानं सांगितलं. मग मागून माझ्या बायकोचा आवाज आला. "त्यांना सांगा, आहात तिथंच उभे राहा. हलू नका. कोणाला तरी पाठवतो."

फोन खिशात घातला आणि समोर पहिल्यांदाच नीट बघितलं. इतका वेळ ज्या लाल ढिगाकडे पाठ करून मी वझर शोधत होतो, त्या ढिगाखालीच वझर होता. वरचा अख्खा उतार दगडमातीसकट, झाडावेलींसकट खाली येऊन बसला होता. आमची खुणेची मत्ती, म्हणजे ऐनाचं जुनं झाड, मुळं आभाळाकडे करून आडवी पडली होती. काळा कातळ नाही, खालची कोंड नाही, पाण्याचा आवाज नाही. ऐन पावसाळ्यात तिथं इतकी शांतता होती की कोयत्यावरून ठिबकणारं पाणी ऐकू येत होतं.

मग पुन्हा फोन लावला. "भाऊ, मी हरवलो नाही. वझर हरवला."

"तू आधी खाली ये," भाऊ म्हणाला.

मी हरवलो नव्हतो, हा मुद्दा त्या दिवसापासून आमच्या घरात कोणी मान्य केलेला नाही. म्हणून तो इथं लिहून ठेवतो. आणखी एक सांगून ठेवतो. आमच्या घरात कोकणी बोलतात आणि मी लिहितो मराठी, त्यामुळे पुढं माणसं थोडी सुधारून बोलतील. रागावली तर मात्र त्यांना मी आवरू शकणार नाही.

दरड कोसळल्याचा आवाज खरं तर आम्ही ऐकला होता. त्याच आठवड्यात एका पहाटे मोठा धडाड आवाज झाला आणि जनेलाच्या काचा थरथरल्या. बायको उठून बसली. मी अंथरुणातूनच सांगितलं, "काही नाही गं, ट्रकनं माल ओतला."

"खाण बंद आहे ना?"

"मग सुरू झाली असेल," म्हणून मी कूस बदलली.

गोव्यातल्या डिचोली तालुक्यात जन्मलेल्या माणसाचे कान असेच घडतात. खाणी बंद होतात, सुरू होतात, परत बंद होतात. खनिजाचा ट्रक कानातून जात नाही. डोंगर कोसळत होता आणि सकाळी पाव घेऊन आलेल्या पोदेराला मी खाण सुरू झाल्याची पक्की बातमी दिली. पोदेरानं ती सायकलवरून सगळ्या वाड्यांवर पोचवली. दुपारपर्यंत गावातले दोन ट्रकवाले चौकशी करून गेले.

वझर तसा मोठा नव्हता. आमच्या घराच्या छपराएवढ्या उंचीवरून काळ्या कातळावरून पडायचा. पावसाळ्यात दोन धारा, दिवाळीनंतर एक, आणि चैत्रात कातळावर नुसती ओल, तीही हात लावून बघावी लागे. पण खालच्या कोंडीत बारा महिने पाणी असे. कोंड म्हणजे वझरानं स्वतःच पाडून घेतलेला खळगा, मोठ्या माणसाच्या छातीइतका. तिथून पाटानं पाणी आमच्या कुळागरात यायचं, म्हणजे पोफळी, केळी, मिरवेलींच्या बागेत. आधी वरच्या तुकड्याला, जो भाऊच्या आणि माझ्या वाट्याचा. मग उरलेलं खालच्या तुकड्याला, जो आमच्या काकांच्या वाट्याचा.

लग्न झाल्यावर पहिल्याच पावसात मी बायकोला मोठ्या ऐटीनं वझर दाखवायला नेलं. ती पेडण्याची, मोप्याच्या सड्याच्या पायथ्याची. जाताना सगळ्या वाटेत मी वझराचं वर्णन करत होतो. मला वर्णन करायला आवडतं, आणि तेव्हा तिला ते माहीत नव्हतं. पोचल्यावर तिनं पदर सावरून वर बघितलं, खाली बघितलं, परत वर बघितलं.

"हाच?"

"हाच."

"आमच्या माहेरच्या पन्हळीतून याहून जास्त पाणी पडतं."

त्या पन्हळीनं माझा संसारभर पिच्छा पुरवला. मी काहीही कौतुकानं दाखवायला गेलो, नवीन स्कूटर असो की मी स्वतः बांधलेला कोंबड्यांचा खुराडा, की ती शांतपणे म्हणते, "आमची पन्हळ..." आणि वाक्य तिथंच सोडते.

पण वझराचं खरं काम वर्षातून एकदाच असे, चवथीला. गणेशचतुर्थीला आम्ही चवथ म्हणतो. आमचा गणपती पाच दिवसांचा, चिकणमातीचा, आणि पाचव्या दिवशी त्याला डोक्यावर घेऊन वझराच्या कोंडीतच पोचवायचा, हा आमच्या घरचा नियम. नदीत नाही, तळ्यात नाही. कारण कोंडीतलं पाणी पाटानं आपल्याच कुळागरात येतं. गणपती विरघळतो आणि आपल्याच झाडांच्या मुळाशी येऊन राहतो. येताना कोंडीतली मूठभर वाळू गणपतीच्या रिकाम्या पाटावर घालून आणायची आणि थोडी तांदळाच्या कणगीत, थोडी गोठ्यात, थोडी तुळशीत टाकायची. म्हणजे गेलेला पाहुणा पुरता गेलेला नसतो. चवथीआधी वझराची वाट कापायचं काम घरातल्या पुरुषांत फिरतं. गेल्या वर्षी ते माझ्याकडे होतं. ते मी दुप्पट केलं, हे वर आलंच आहे.

हे सगळं आमच्यात सर्वांत जास्त मानते ती काकी. काका जाऊन बरीच वर्षं झाली. आमच्याच घराच्या एका बाजूला तिची चूल आहे. एकुलता एक मुलगा पर्वरीला फ्लॅटमध्ये राहतो. आम्हा भावंडांत तो सर्वांत लहान, म्हणून त्याला सगळे धाकटा म्हणतात. डोक्याचे केस गेले तरी धाकटाच. नोकरी, मुलांचे क्लास, बायकोचं ऑफिस यांतून त्याला गावात यायला सवड होत नाही. चवथीला मात्र चौघंही येतात आणि पाच दिवस राहतात. काकीचं वर्ष त्या पाच दिवसांवर उभं आहे. उरलेले दिवस ती त्यांच्या गादीला ऊन दाखवण्यात घालवते.

वझर गेल्याची बातमी मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली आणि रविवारी धाकटा एकटाच गाडी घेऊन आला. मला बरं वाटलं. म्हटलं, दरड बघायला आला. तो दरड बघायला गेला नाही. ओसरीवर बसून चहा पिता पिता त्यानं विषय काढला.

"मग यंदा विसर्जन कुठं करायचं ठरवलंय?"

प्रत्येकाकडे उत्तर तयार होतं. भाऊ म्हणाला, आमोण्याला मांडवी नदीत करूया. वहिनींचं माहेर आमोण्याचं आहे, हे इथं सांगायला हवं. मी म्हटलं, मयेचं तळं बरं, गाडी काठापर्यंत जाते. माझी बायको काहीच बोलली नाही. तिच्या माहेरी पन्हळीशिवाय सुचवण्यासारखं काही नव्हतं.

धाकट्यानं कप खाली ठेवला. "मला वाटतं, वझरच राहिला नाही तर इतक्या लांब येऊन मयेच्या तळ्यातच टाकायचा, त्यापेक्षा आमच्या बिल्डिंगीत टाकी ठेवतातच. यंदापासून एक छोटी मूर्ती आम्ही तिकडेच आणली तर? मुलांना पण बरं पडेल."

बाहेर पाऊस होता. काकी कोपऱ्यात बसून तांबडी भाजी निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत. पण मी बघितलं, ती देठं सुपात टाकत होती आणि पानं कचऱ्यात.

गणपती वेगळा करणं ही आमच्याकडे साधी गोष्ट नाही. जमिनी वाटल्या जातात, चुली वेगळ्या होतात, वीजमीटर वेगळे होतात, तरी लोक विचारतात, "गणपती?" आणि 'एकच' म्हटलं की घर एक धरतात. एकदा वेगळा आणलेला गणपती परत एकत्र करता येत नाही. धाकट्यानं तो पर्वरीला आणला असता तर चवथीचे पाच दिवस त्याला तिकडेच राहावं लागलं असतं. काकीच्या गाद्या उन्हातच राहिल्या असत्या.

मला गप्प बसता येत नाही, हा माझा जुना आजार. मी उभा राहिलो आणि छाती काढून म्हणालो, "गणपती त्याच पाण्यात जाणार. वझर गेला म्हणून पाणी गेलं का? वरून ओढा, आपला व्हाळ, येतोच आहे. ते पाणी डोंगराच्या पोटात बसून राहणार आहे का? कुठून तरी बाहेर येणारच. मी शोधतो."

"दादा," धाकटा म्हणाला, "घराएवढा वझर शोधताना तुला घरी फोन करावा लागला."

सगळे हसले. भाऊ तर खोकेपर्यंत हसला. काकी हसली नाही. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "सोद हां पुता," म्हणजे शोध हं बाळा.

धाकट्याला ते ऐकू गेलं असावं. गाडीत बसताना तो जरा नरमून म्हणाला, "सापडलं तर येतो, दादा. नियम तो नियम. नाही सापडलं तर माझं ठरलंय."

आमच्याकडे पाट कुठं गळतो ते शोधायची एक रीत आहे. वरच्या अंगाला पाण्यात भाताचं तूस सोडायचं आणि खाली फिरत राहायचं. जिथं तूस बाहेर आलं, तिथं भोक. माझे वडील असंच करत. पाटाला पसाभर तूस पुरतं. डोंगराला किती लागतं, हे वडिलांनी सांगून ठेवलं नव्हतं. म्हणून मी भाताच्या गिरणीतून पोतं भरून आणलं.

भाऊच्या गुडघ्यात दुखतं, त्यामुळे तो घरी राहून सूचना देणार होता. त्यानं एकच गोष्ट दहादा बजावली, सैल मातीवर पाय ठेवायचा नाही. कड्याच्या मागून वळसा घालून वर जायचं. बायकोला मी खाली जुन्या पाटाच्या तोंडाशी छत्री घेऊन उभी केली. पाणी तिथूनच बाहेर येणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

पोतं पाठीवर घेऊन अर्धा डोंगर चढलो आणि पावसानं गाठलं. तूस हलकं म्हणून निवडलं होतं. भिजल्यावर ते माझ्या मेहुण्याएवढं जड झालं. तरी वर पोचलो. तिथं व्हाळ पूर्वीसारखाच वाहत येत होता. दगडांवरून, नेच्यांमधून, खाली काय झालंय याचा पत्ताच नसल्यासारखा. आणि दरडीच्या काठाशी, जिथून पूर्वी तो खाली उडी घेई, तिथं मोठ्या धोंड्यांच्या फटीत गुळगुळ आवाज करत शिरत होता. मी वळशाच्या बाजूनं पक्क्या कातळावर बसलो आणि सगळं पोतं त्या फटीत रिकामं केलं. मोठ्या कामाला हात घातल्याचं समाधान झालं.

खाली आलो तर बायको छत्रीखाली उभी होती.

"आलं?"

"बेडूक आला."

"तूस?"

"तूस नाही. दोन बेडूक, एक खेकडा."

थांबलो. तिनं डब्यातून पोय, म्हणजे आमच्याकडचा कोंड्याचा पाव, आणि बटाट्याची भाजी काढली. खाल्ली. पुन्हा थांबलो. पाटाच्या तोंडाशी नुसतं पावसाचं पाणी साचलं होतं, चहासारखं.

"पोतंभर तूस गेलं कुठं?" तिनं विचारलं.

"डोंगरात."

"डोंगर काय म्हैस आहे?"

संध्याकाळी आम्ही घरी आलो. काकी दारातच उभी होती. तिनं माझा चेहरा बघितला आणि आत जाऊन कंदमुळं उकडायला ठेवली. मी भाऊला सांगितलं, उद्या जरा डावीकडे बघतो. भाऊ म्हणाला, उद्या आधी गिरणीवाल्याला सांग की आपण म्हैस घेतलेली नाही, तो गावभर सांगत सुटलाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत होतो. काकी रोजच्यासारखी खालच्या कुळागरात पडलेली सुपारी वेचायला गेली होती. तिकडून तिचा आवाज आला. आधी लांबून, मग जवळून, मग थेट माझ्यासमोर. पायांत घोट्यापर्यंत काहीतरी पिवळं चिकटलेलं.

"कोणें रे म्हज्या पुताच्या कुळागरांत तूस ओतलां? भात कांडपाक दुसरो जागो मेळ्ळो ना तुमकां?"

मी तिच्या पायांकडे बघितलं. बायकोनं माझ्याकडे बघितलं. काकी अजून बोलतच होती, चांगल्या फणसाखाली घाण केल्याबद्दल, आजकालच्या माणसांबद्दल. मी ब्रश तोंडात तसाच ठेवून धावत सुटलो.

खालच्या तुकड्यात, कुंपणाच्या चिऱ्यांच्या गडग्याजवळ एक जुना फणस आहे. त्याच्या मुळांमधून पाणी उसळत होतं. गढूळ नव्हे, स्वच्छ, थंड. आणि सगळीकडे माझं तूस. मुळांवर, अळवाच्या पानांवर, खाली वाहत जाणाऱ्या ओघळावर पिवळ्या साईसारखं. पूर्वी तिथं कधी थेंब नव्हता; दरडीनंतर आलेलं हे पाणी काकीनं पावसाचंच धरलं होतं. डोंगरानं पाणी आमच्या वरच्या तुकड्याला न विचारता खालून नेलं होतं आणि थेट काकांच्या वाट्यात आणून सोडलं होतं.

भाऊ काठी टेकत आला. त्यानं बराच वेळ बघितलं. आम्हा दोघांच्याही डोक्यात एकच गोष्ट आली असणार. पाणी इथं निघालं म्हणजे आमचा वरचा तुकडा कोरडा. उन्हाळ्यात आमच्या पोफळींना पाणी द्यायचं तर धाकट्याच्या जमिनीतून पंपानं चढवावं लागणार, आणि तेही त्याला विचारून. इतकी वर्षं धाकटा थट्टेत म्हणायचा, 'तुमचं उरलेलं पाणी आम्हाला.'

"आता त्याचं उरलेलं आपल्याला," भाऊ म्हणाला. मग काठीनं फणसाच्या बुंध्यावर टकटक केली. "गणपती इथं. ठरलं. त्याला फोन कर."

तोवर काकी मागून येऊन पोचली होती. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. ती वाकली, ओंजळीनं तूस बाजूला केलं, पाणी तोंडात घेतलं आणि तशीच फणसाच्या मुळावर बसली. मी तिला समजावून सांगू लागलो की तूस वरून टाकलं होतं, ते इथं निघालं, म्हणून हे वझराचंच पाणी, हा पुरावा.

"तोंड धुवून ये आदीं," काकी म्हणाली. "फेस आला आहे तोंडाला."

तोंड धुतलं आणि फोन लावला.

"पाणी सापडलं."

"कुठं?"

"तुझ्याकडे."

"माझ्याकडे? पर्वरीला?"

"अरे, तुझ्या कुळागरात. फणसाखाली."

मग धाकट्यानं विचारलं, "मला फणस आहे?"

त्या रविवारी तो सकाळीच आला. नवे कोरे गमबूट, नवा रेनकोट, आणि कोयता मात्र माझा. घरापासून खालच्या गडग्यापर्यंत वाट कापायची होती. मी मदतीला पुढं झालो, तर भाऊनं मला हाक मारून परत बोलावलं. "तू बस. आपल्याला एकच वाट हवी आहे."

काकी गडग्यावर छत्री धरून बसली आणि लेकाला सांगू लागली. ती केळ तोडू नकोस. तिथं काटा आहे. ती वेल मिरीची, मेल्या, मिरीची! धाकट्याचे गमबूट चिखलात दोनदा रुतले; दुसऱ्यांदा पाय वर आला, बूट राहिला. दुपारपर्यंत त्याच्या तळहातांना फोड आले. फोड बघत तो एका पोफळीला टेकला आणि वर बघत म्हणाला, "ही केवढी उंच झाली."

"तुज्या बापायनं लायिल्ली," काकी म्हणाली. "तूं जल्मलो त्या वर्सा."

तो त्या झाडाला टेकूनच राहिला. मग त्यानं शर्टाला हात पुसले आणि विचारलं की इथं पाणी साठवायचं कसं. मग आम्ही सगळ्यांनीच हात लावला. दगड रचले, माती दाबली, फणसाखाली छोटा बांध घातला. संध्याकाळपर्यंत गुडघाभर पाणी साठलं आणि जास्तीचं बांधावरून पलीकडे पडू लागलं. वीतभर उंचीवरून. माझी बायको ते बघत उभी राहिली आणि मी तिच्याकडे बघितलंच नाही. पन्हळ ऐकायची माझी तयारी नव्हती.

जेवताना धाकटा ताटाकडे बघत म्हणाला, "मी तिकडे मूर्ती सांगून ठेवली होती."

"मग?" भाऊनं विचारलं.

"नको म्हणून सांगतो. आमच्या खालच्या मजल्यावरच्यांना हवीच होती एक."

काकीनं ऐकलं की नाही, कळलं नाही. ती त्याच्या ताटात तांबडी भाजी वाढत होती. त्यात एकही देठ नव्हतं.

चवथीला चौघंही आले. माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगायच्या रानफळांच्या चौकटीला, त्या वर्षी त्या पडलेल्या मत्तीची फळं होती. मुळं आभाळाकडे असूनही तिच्या एका फांदीनं फळं धरली होती. ती मी सुरक्षित अंतरावरून, काठीला कोयती बांधून काढली आणि हे सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं. पाचव्या दिवशी आरत्या झाल्या, घुमट म्हणजे आमचे मातीचे ढोल वाजले. दरवर्षी गणपती डोक्यावर घेऊन मी जातो. त्या वर्षी मी गणपतीचा पाट उचलला आणि धाकट्याच्या डोक्यावर ठेवला. त्याच्या जमिनीत जायचं तर वाट त्यानंच दाखवायला हवी. तो इतका जपून चालला की मागून घुमटवाल्यांना ताल दोनदा मोडावा लागला. मोप्याला उतरणारं विमान वरून गेलं, पोरांनी त्याला हात केले. फणसाखालच्या पाण्यात धाकटा उतरला आणि गणपती पोचवला. चिकणमाती विरघळत बांधावरून पलीकडे पोफळींकडे जाऊ लागली.

वाळूचा प्रश्न मात्र आला. तिथं वाळू नव्हतीच. होती ती झऱ्याबरोबर आलेली डोंगराची लाल माती. काकीनं तीच मूठभर उचलली आणि पाटावर घातली. ती कणगीत गेली, गोठ्यात गेली, तुळशीत गेली, आणि बरीचशी आमच्या पांढऱ्या फरशीवर गेली.

वझर गेल्याचं मला वाईट वाटत नाही असं नाही. त्याच्याखाली मी पोहायला शिकलो, त्याच्याखाली उभं राहून वडील डोकं धूत, पावसाळ्यात अंथरुणात पडल्या पडल्या त्याचा आवाज ऐकून उद्या पाऊस किती ते मी सांगत असे. ते अंदाज नेहमी चुकत, पण सांगत असे. आता तिथं ढिगावर गवत आलंय. मी अधूनमधून जातो. वाटा दोन आहेत, कोणतीही धरली तरी चालतं.

विसर्जनाहून परतताना धाकटा भाऊला विचारत होता की पुढच्या वर्षी वाट कापायची पाळी कोणाची. भाऊ म्हणाला, आमच्या बहिणीचा मुलगा येतो, त्याची असेल, बघूया. धाकटा म्हणाला, "नको. माझ्या तुकड्यातून जाते ती. माझीच पाळी." काकी पुढं चालत होती. ती थांबली नाही, पण तिची चाल बदलली. त्या वयात जितकं झरझर चालता येतं तितकं झरझर ती घराकडे गेली. गाद्या आत घ्यायच्या राहिल्या होत्या म्हणाली, आणि पाऊस तर नव्हताच.

रात्री सगळे झोपायला गेल्यावर बायको फरशीवरची लाल पावलं पुसत होती. मी खुर्चीत बसून तिला म्हटलं, आता तरी मान्य कर. वझर खरंच हरवला होता. मी बरोबर होतो. पाणी मीच शोधलं.

तिनं फडकं पिळलं.

"पुढच्या वर्षी वाट भावजी कापणार ना?" ती म्हणाली. "बरं झालं. एकच कापतील."